हत्तीला अहो म्हणावे की अरे?

नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांना मनमोकळे बोलता यावे म्हणून अ‍ॅपवर नाव न देता मत मांडण्याची सोय केली, तेव्हापासून कार्यालयात एक निळा हत्ती, एक शहाणा मोर आणि हिरवे कासव, म्हणजे मी, असे प्राणिसंग्रहालय नांदू लागले आहे. टोपणनावे यंत्रच वाटून देते. लेखा विभागातल्या माणसाला नेमके कासव देण्याइतकी समज त्याला कुठून आली, याची चौकशी मी केलेली नाही.

भांडण अर्थातच कामाच्या तासांवरून पेटले. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला, २०२५ च्या आरंभी एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला, आणि हे दोन्ही आकडे निळ्या हत्तीला मुखोद्गत होते. संध्याकाळी सहाला बॅग उचलणारे सगळे कामचुकार असून देश त्यांच्यामुळेच मागे पडला, असे त्याने तीन उद्गारचिन्हांसह जाहीर केले. जुना कारखाने अधिनियम १९४८ चा होता आणि त्यातली आठवड्याची मर्यादाही ४८ तासांची होती, ही हिशेबनिसाच्या सहज लक्षात राहणारी गोष्ट मला त्याला सांगायची होती. (आमचे कार्यालय कारखाना नाही, पण तास मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते.)

मात्र मराठीत भांडणाचे पहिलेच वाक्य समोरच्याचे वय आणि हुद्दा विचारते. हत्तीच्या आत विभागप्रमुख असतील तर ‘तू’ लिहिल्याने पगारवाढ हातची जायची, आणि नुकताच लागलेला प्रशिक्षणार्थी असेल तर ‘आपण’ हा टोमणा समजून तो आणखी चवताळायचा. शेवटी मी लिहिले, ‘वरील मत व्यक्त करण्यापूर्वी कायद्याचे वाचन झालेले दिसत नाही, तरी ते करण्यात यावे.’ यावर हत्तीने मला सरकारी बाबू ठरवले, आणि तोवर तटस्थ असलेल्या मोराने मी झोपा काढण्याचा पगार घेतो असे लिहून टाकले. दुपारी कॅन्टीनमध्ये हीच मंडळी ‘घ्या ना भाऊ, अजून थोडं घ्या’ म्हणत एकमेकांच्या ताटात सावजी रस्सा वाढत होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर सोंड शोधत होता.

आपण कोण हे कुणाला दिसत नसले की माणसाचा संकोच सुटतो, असे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये मांडले. लोक तेवढेच लक्षात ठेवतात. संकोच सुटलेला माणूस एरवी गिळून टाकलेले खरेही बोलतो, हेही त्याने सांगितले होते. आमच्याकडे ते पिवळ्या चिमणीने केले. रात्री दहापर्यंत थांबवले जाते, ओव्हरटाइम मात्र मिळत नाही, तरी याविषयी कुणाला भेटावे हे कृपया कळवावे, असे तिने एकही उद्गारचिन्ह न वापरता विचारले. नावानिशी हे विचारण्याची हिंमत रस्सा वाढणाऱ्यांपैकी एकातही नव्हती. आमच्या कार्यालयात सभ्यपणाचे खाते उघडायचेच झाले, तर माझ्या मते ते तिच्या त्या नसलेल्या नावाने उघडावे लागेल.

व्यवस्थापनाने दखल घेतली ती भाषेची. पुण्याच्या मुख्यालयाने अशिष्ट शब्द आपोआप गाळणारी यंत्रणा बसवली आणि गाळायच्या यादीत आमच्या नागपुरी ‘बे’चा समावेश केला. दोन मित्रांचे बोलणे ज्याच्यावाचून सुरूच होत नाही, तो हा ‘बे’ पुण्यात उद्धट वाटत असावा. यंत्रणा मोठी निष्ठावान निघाली. जिथे ती अक्षरे दिसली तिथून तिने ती उपटली. उपाहारगृहाच्या यादीतल्या बेसनाचा ‘सन’ झाला, मोराच्या लेखनातली बेरोजगारी एका रात्रीत ‘रोजगारी’ झाली, आणि उत्तराची वाट पाहून थकलेल्या चिमणीने अखेर धीर करून लिहिलेले वाक्य सर्वांना असे दिसले: ‘ओव्हरटाइमचा मोबदला न देणे हे कायदेशीर आहे.’

निळ्या हत्तीने तिच्याशी ताबडतोब सहमती दर्शवली, तीन उद्गारचिन्हांसह.