प्रो बोनोच्या फाईललाही नंबर द्या

मोठ्या लॉ फर्मच्या वार्षिक अहवालात एक पान ठरलेलं असतं. आमच्या वकिलांनी वंचितांसाठी आणि सेवाभावी संस्थांसाठी इतके हजार तास ‘प्रो बोनो’, म्हणजे विनामूल्य, दिले, आणि शेजारी हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो. त्या तासांत कुणाचं घर वाचलं, कुठल्या संस्थेचा भाडेकरार सुधारला, किती जणांना नाही म्हटलं आणि ते किती दिवसांनी कळवलं, हे त्या पानावर सहसा सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मोफत कामाची फाईल पैसे देणाऱ्या अशिलाच्या फाईलसारखीच उघडा, चालवा आणि बंद करा. दयेचा कप्पा वेगळा ठेवला की कामाचा दर्जाही हळूहळू वेगळा होतो.

तासांचं वेड आकाशातून पडलेलं नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमावलीतला नियम ६.१ सांगतो की वकिलाने वर्षाला किमान ५० तास विनामूल्य काम करण्याचा प्रयत्न करावा, आणि त्यातला मोठा वाटा ऐपत नसलेल्यांना किंवा त्यांच्यासाठी झटणाऱ्या संस्थांना मिळावा. ऑस्ट्रेलियात वकिलामागे वर्षाला ३५ तासांचं ऐच्छिक लक्ष्य आहे. भारतात बार कौन्सिलच्या नियमांत तासांचा आकडाच नाही. आपल्या ऐपतीच्या मर्यादेत गरजूला मोफत मदत करणं हे वकिलाचं फार मोठं कर्तव्य मानलं आहे. आकडा समोर असला की फर्म हलते, हे खरं. पण तासांच्या हिशेबात ४० तास खाऊन हरलेलं अपील ४० मिनिटांत लिहिलेल्या आणि घर रिकामं करणं थांबवणाऱ्या पत्रापेक्षा मोठं दिसतं.

आता फाईलकडे. माणूस दारात आला की पहिला प्रश्न असा हवा: याला सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो का? भारतात विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले लोक उत्पन्न न बघताच मोफत कायदेशीर मदतीला पात्र ठरतात. हे न तपासता फर्मने केस घेतली तर हक्काने मिळणाऱ्या मदतीच्या जागी आपण मेहेरबानी ठेवतो. उलट बाजूचं उदाहरण इंग्लंडचं. तिथे २०१२ च्या कायद्याने, एप्रिल २०१३ पासून, कौटुंबिक वाद, कर्ज, सरकारी भत्ते अशा बहुतेक कामांची सरकारी मदत बंद झाली. ते भगदाड मोठ्या फर्मच्या प्रो बोनोने बुजलं नाही, बुजणारही नव्हतं. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत मुरलेल्या वकिलाला भत्त्यांचं अपील लिहिता येत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

दुसरी पायरी कॉन्फ्लिक्ट चेक, म्हणजे समोरचा पक्ष आपलाच अशील तर नाही ना, हे तपासणं. इथे फर्म फार ढिलाई करतात. पैशाच्या कामात विरुद्ध पक्षाचं नाव तपासल्याशिवाय कुणी चहासुद्धा पाजत नाही. मोफत कामात मात्र आधी सगळी कहाणी ऐकून घेतात आणि नाव मागून तपासतात. तोवर गोपनीय गोष्टी कानावर पडलेल्या असतात आणि दोन्हीकडून हात बांधले जातात. म्हणून सुरुवातीला फक्त नावं घ्यायची: माणसाचं, समोरच्याचं, घरमालक कंपनी असेल तर तिच्या मूळ कंपनीचं. मोठ्या फर्मचे अशील म्हणजे बँका, विमा कंपन्या, बांधकाम व्यावसायिक. गरीब माणसाचे वाद नेमके यांच्याशीच असतात. नियमांत बसत असूनही ‘आमचा मोठा अशील नाराज होईल’ म्हणून नकार द्यायचा असेल तर द्या, पण दोन दिवसांत द्या आणि दुसरा पत्ता सांगून द्या. तीन आठवडे ‘बघतो, कळवतो’ करून दिलेला नकार कधी कधी मुदतच संपवतो.

मग पत्र. एंगेजमेंट लेटर, म्हणजे आपण काय करणार आणि काय नाही हे अशिलाला सुरुवातीलाच लिहून देणारं पत्र, मोफत कामात पैशाच्या कामापेक्षा जास्त गरजेचं असतं, कारण इथे बिल नसतं. बिलावरून अशिलाला कळत जातं की काय चाललं आहे, कुठे थांबलं आहे. बिल नसलं की तो धरून चालतो की वकील सगळंच बघताहेत. पत्रात साध्या भाषेत लिहा: आम्ही एक नोटीस आणि एक अर्ज लिहून देऊ, सुनावणीला उभं राहणं यात नाही, अपील यात नाही, अपीलाची शेवटची तारीख अमुक. ती तारीख फाईलच्या पहिल्या पानावर आणि दोन वेगवेगळ्या माणसांच्या कॅलेंडरमध्ये हवी. एकाच असोसिएटच्या (फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाच्या) कॅलेंडरमध्ये असलेली तारीख त्याने नोकरी सोडली की त्याच्याबरोबरच जाते.

पत्रात पैशाचाही परिच्छेद हवाच. वकिलाची फी माफ झाली म्हणून खटला फुकट होत नाही. कोर्ट फी, स्टॅम्प, नोटरी, भाषांतर, तज्ज्ञाचा अहवाल, प्रवास: हे कोण देणार? आणि जिथे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा नियम आहे, तिथे हरलो तर काय? हा प्रश्न अवघड वाटतो म्हणून टाळला जातो, आणि ज्याच्यासाठी एवढा घाट घातला त्याच्याच डोक्यावर शेवटी विरुद्ध पक्षाचा खर्च बसतो. इंग्लंडमध्ये यावर अर्धा उतारा आहे. लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट, २००७ च्या कलम १९४ प्रमाणे मोफत वकील असलेला पक्ष जिंकला तर कोर्ट हरणाऱ्याला खर्च भरायला लावू शकतं. ती रक्कम वकिलाला मिळत नाही, ठरवून दिलेल्या धर्मादाय संस्थेकडे जाते. त्यामुळे ‘याचा वकील फुकट आहे, खटला कितीही ताणा’ ही विरुद्ध पक्षाची मजा थोडी कमी होते. हरण्याचा धोका मात्र राहतोच.

देखरेखीबद्दल थोडं कडक बोलतो. नवख्या वकिलांना प्रो बोनोवर ‘हात साफ करायला’ सोडणं बंद झालं पाहिजे. ते शिकतील, शिकावंच. पण वर सही करणारा माणूस त्या विषयातला हवा, आणि तो फर्ममध्ये नसेल तर बाहेरच्या विशेष संस्थेतला हवा. फर्मचा व्यावसायिक विमा या कामाला लागू आहे का, हेही आधीच लेखी विचारून ठेवायचं. सगळ्यात चांगलं चालतं ते अरुंद, पुन्हा पुन्हा येणारं काम. एकच प्रकारचा अर्ज घ्या. दोन-तीन तासांचं प्रशिक्षण, तयार प्रश्नावली, नमुना मसुदा, आणि पाठवण्याआधी जाणकाराची एक नजर. अशा चौकटीत करारांचा वकीलसुद्धा परदेशातून जीव वाचवून आलेल्या माणसाच्या आश्रयाच्या अर्जासाठी नीट जबानी लिहून घेऊ शकतो. चौकट नसेल तर तोच वकील घटनांचा क्रम चुकवतो, आणि आश्रयाच्या प्रकरणात जबानीतली विसंगती म्हणजे अर्जदार खोटं बोलतो असा अर्थ काढला जातो.

प्रत्यक्ष माणसाशी वागतानाच्या काही गोष्टी कुठल्याच लॉ कॉलेजात शिकवत नाहीत. दुभाषी म्हणून घरातलं माणूस घ्यायचं नाही, लहान मूल तर अजिबातच नाही. नवऱ्यासमोर बाई मारहाणीबद्दल बोलत नाही आणि मुलीसमोर बाप कर्जाबद्दल. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, प्रत काढून तिथल्या तिथे परत द्यायचे. फोन नंबर बदलतात, म्हणून निरोप देता येईल असा दुसरा माणूस विचारून ठेवायचा. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात आधी विचारायचं की हा फोन आणखी कोण बघतं, आणि मेसेजमध्ये ‘वकील’ हा शब्दही लिहायचा नाही. पत्राची पहिली ओळ अशी: तुम्हाला हे करायचं आहे, या तारखेपर्यंत. कायद्याचं विवेचन खाली. दोन भेटी चुकल्या की ‘अशील सहकार्य करत नाही’ असा शेरा मारून फाईल बंद करणारे वकील दिवसभराच्या मजुरीचा हिशेब कधी करत नाहीत. काचेच्या इमारतीत बोलावण्यापेक्षा तो जिथे आधीच जातो त्या दवाखान्यात, वाचनालयात, शाळेत बसा.

संस्थांचं काम हा माझ्या मते फर्मचा खरा प्रांत आहे, आणि तिथेच त्यांचा उत्साह कमी. सगळ्यांना मानवी हक्कांची गाजणारी केस हवी असते. संस्थेच्या भाडेकराराला कुणी हात लावत नाही. वास्तविक करार, जागा, नोकरी, डेटा, ट्रेडमार्क हे व्यावसायिक वकिलाचं रोजचंच काम. एका छोट्या संस्थेचा भाडेकरार नीट झाला तर तिथे येणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर टिकतं.

बघायचं काय? आधी संस्थेची घटना, म्हणजे तिची नियमावली, किंवा विश्वस्तपत्र. विश्वस्त किती असायला हवेत आणि आज किती आहेत, गणपूर्ती किती, सहीचा अधिकार कुणाला. पुष्कळदा पाचांच्या जागी तिघेच उरलेले असतात आणि दोन वर्षांचे ठराव गणपूर्तीविना झालेले असतात. संस्था नोंदणीकृत आहे की नुसताच गट आहे? नुसत्या गटाच्या नावाने सही करणारा बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून जबाबदार ठरू शकतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. भाडेकरारात वैयक्तिक हमी आहे का, मुदतीआधी बाहेर पडायची सोय आहे का, दुरुस्ती कुणाकडे. ‘जागा उत्तम स्थितीत परत द्यावी’ असं कलम असेल तर ताबा घेतानाच गळक्या छतासकट फोटो काढून ते कराराला जोडा, नाहीतर जाताना जुनं छत संस्था दुरुस्त करून देते.

ग्रँटचे, म्हणजे देणगीदाराच्या अनुदानाचे, करार तर कुणी वाचतच नाही, कारण पैसे येताहेत या आनंदात सही होते. त्यात चार जागा लाल पेनाने शोधा: अमर्याद नुकसानभरपाईचं कलम, तयार झालेल्या साहित्याची मालकी देणगीदाराकडे जाणं, करार मधेच संपवून खर्च झालेले पैसेही परत मागायचा अधिकार, आणि ठरावीक कामासाठीचे पैसे पगाराला वापरायची मनाई. शेवटची अट सगळ्यात जास्त मोडते, आणि ती बेईमानीने मोडत नाही. दुसरा हप्ता उशिरा येतो, पगार थांबवता येत नाहीत, म्हणून उसनवारी होते आणि हिशेबाच्या वेळी तोंड लपवावं लागतं. देणगीदाराशी आधीच बोलून ‘लेखी परवानगीने तात्पुरता वापर’ एवढी एक ओळ घालून घेतली तर हे टळतं. स्वयंसेवकांचंही तसंच: दरमहा ठरावीक ‘मानधन’ आणि ठरावीक वेळ दिली की तो कायद्याच्या नजरेत कर्मचारी ठरू शकतो. खऱ्या खर्चाची पावतीवर भरपाई हा वेगळा विषय.

आणि कृपा करून तीन माणसांच्या संस्थेला ४० पानी मसुदा देऊ नका. फर्मच्या साठ्यातला नमुना बहुराष्ट्रीय कंपनीसाठी बनलेला असतो. चार पानांचा, संस्थेच्या सचिवाला समजणारा करार जास्त उपयोगी. अर्ध्या दिवसाची कायदेशीर तपासणी करून एका पानावर तीन गोष्टी लिहून द्या: या महिन्यात करायची, या वर्षात करायची, आणि जिची काळजी सोडून द्यायची. तिसऱ्या ओळीने संस्थाचालकाला किती हायसं वाटतं, ते वकिलांना कळत नाही.

फर्मच्या आतली गोष्ट राहिली. प्रो बोनोचे तास वार्षिक लक्ष्यात आणि बोनसमध्ये पूर्ण धरले जात नसतील तर बाकी धोरण कागदावरचं आहे. ते काम रविवारी ढकललं जातं, आणि मोठा सौदा आला की आधी तेच गळतं. दुभाष्याच्या आणि प्रवासाच्या पैशासाठी फर्मने वेगळी तरतूद ठेवावी. अजून एक, जे ऐकायला फर्मना आवडत नाही: केस निवडून, कागद जमवून, तुमच्या वकिलांना शिकवून त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या छोट्या विधी-सहाय्य संस्थेचा वेळ फुकटचा नसतो. एका दुपारी ५० स्वयंसेवक पाठवले की त्या संस्थेचे दोन वकील आठवडाभर त्यांच्याच तयारीत अडकतात. वेळेबरोबर रोख पैसेही द्या. पुष्कळदा पैसेच जास्त कामाला येतात. अहवालातल्या त्या फोटोसाठी फुकट मदत घेणाऱ्याची संमती विचारत असाल तर केस चालू असताना विचारू नका. तेव्हा ‘नाही’ म्हणायची त्याची हिंमत होत नाही.

फाईल बंद करतानाही पत्र लागतं. काय झालं, कुठला कागद कुणाकडे आहे, पुढची कुठली तारीख आता तुमची तुम्हाला सांभाळायची आहे, आणि पुन्हा अडचण आली तर कुणाकडे जायचं. असोसिएट बदलला असेल तर हस्तांतराची नोंद एका पानात, जुना माणूस जायच्या आधी.

दोन-तीन वकिलांच्या छोट्या फर्मला हे सगळं झेपणार नाही असं वाटेल. त्यांनी एकच संस्था धरावी, एकाच प्रकारचं काम घ्यावं, वर्षाला चार फाईल. पाचवी आली तर त्याच दिवशी नाही म्हणून पुढचा पत्ता द्यावा.