लोणारचं पाणी गोडं व्हायला नको

गेल्या आठवड्यात आमच्या खानदानी ग्रुपवर लोणारचा फोटो आला. पाणी पार कमळजा देवीच्या मंदिराला टेकलेलं. खाली अकरा अंगठे, चार नमस्कार आणि एका काकांचं, "देवीची कृपा, सरोवर भरलं!" मी तिथे काही लिहिलं नाही. काकांशी ग्रुपवर वाद घातला की त्याची शिक्षा दिवाळीपर्यंत भोगावी लागते. म्हणून इथे लिहिते.

आम्ही मेहकरकडची माणसं. टँकरच्या रांगेत वाढलो. वाढलेलं पाणी वाईट असू शकतं, हे आमच्या डोक्यात शिरतच नाही. पण लोणारच्या बाबतीत मला त्या फोटोची भीती वाटली.

२०१९च्या मे महिन्यात मावशीला आणि भाच्याला घेऊन मी खाली उतरले होते. पाणी बरंच मागे हटलेलं, काठाच्या चिखलावर पांढरी खपली, आणि तो वास, सडक्या अंड्यासारखा. मावशीच्या पिशवीत देवीसाठी हळदीकुंकवाच्या पुड्या होत्या. मी तिला म्हटलं, चिमूटभर हळद तळहातावर घे आणि वर सरोवराच्या पाण्याचे चार थेंब टाक. हळद बघता बघता लाल झाली. "अवं माय! हे पाय, कुकू झालं!" मग मीच तिला सांगितलं, अगं, खरं कुंकू असंच तर करतात, हळदीला खार लावून. इथे अख्खं तळंच खाराचं आहे. या पाण्याचा सामू (pH, पाणी किती आंबट की खार ते सांगणारा आकडा) दहाच्या आसपास असतो, साध्या पाण्याचा सात. जवळच सासू-सुनेची विहीर आहे. तिचं अर्धं पाणी गोडं नि अर्धं खारं, असं सांगतात. कोणती बाजू कोणाची यावर मावशीचं ठाम मत होतं, ते इथे लिहीत नाही.

लोणार म्हटलं की आपण फक्त उल्केबद्दल बोलतो. बेसाल्टमधलं, म्हणजे आपल्या काळ्या कातळातलं, जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, आधी लोक ज्वालामुखी समजायचे. मग १९७३मध्ये प्रचंड आघातानेच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि वाद मिटला. वय मात्र अजून मिटलेलं नाही. गाइड ५० हजार वर्षं सांगतात, नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार निघाली. ठीक आहे. पण तो खड्डा काही क्षणांत झाला. पाणी असं व्हायला मात्र हजारो वर्षं लागली, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप आहे.

विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे. आत पाऊस पडतो, झरे येतात, 'धार' नावाच्या झऱ्याचं पाणी उतरतं. बाहेर पडायला एकही ओढा नाही. पावसाचं पाणी काळ्या खडकातून झिरपताना सोडियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं थोडं थोडं सोबत आणतं. धारेच्या पाण्यातही ते असतं, पण जिभेला कळत नाही. तळ्यात आल्यावर या पाण्याला एकच वाट उरते, वाफ होऊन वर जायची. वाफ क्षार नेत नाही. कॅल्शियम आधी चुनखडी होऊन गाळात बसतं, सोडियम मागे राहतं. म्हणजे बासुंदीच चाललीय, मंद आचेवर, युगानुयुगं. इथल्या क्षारांचा साबणाला आणि काचेला उपयोग होतो हे 'आईन-ए-अकबरी'तही आलंय. पुढे इथून खार काढायचे, त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुसकी अशी खास नावं होती.

तळाच्या गाळात तर वहीच आहे. सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना काढून अभ्यासकांनी वाचला, तेव्हा त्यात काही थरांत गेल्युसाइटचे स्फटिक सापडले. पाणी फार आटलं, खार फार दाटला की बनणारं हे खनिज. म्हणजे मोठे दुष्काळ कधी पडले ते तिथे लिहिलेलं आहे. आमच्या तलाठ्याच्या दप्तरापेक्षा जास्त चोख.

२०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा व्हॉट्सॲपवर प्रलय आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव, त्यांचं गुलाबी रंगद्रव्य. पाणी आटलं, खारटपणा वाढला, ते फोफावले. एरवी हिरवा रंग स्पिरुलिनासारख्या सूक्ष्मजीवांचा. दोघांनाही हे कडू, खारट, आपल्याला बाद वाटणारं पाणीच हवं असतं.

आता काकांच्या फोटोकडे. गोडं पाणी जास्त आलं की खार पातळ होतो, सामू उतरतो, आणि ज्यांना इथे एरवी थारा नव्हता असे जीव शिरतात. वरच्या पाझर तलावांमुळे झरे वाढले असं काही अभ्यासक म्हणतात. गावाचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतरलं, शेतातलं खतही येतंच. धरणात घाण आली तर पुराबरोबर थोडी तरी वाहून जाते. इथे पडलं ते पडलं. नोव्हेंबर २०२०मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव गेलं तेव्हा आपण पेढे वाटले, पण 'पाणथळ जागा वाचवा' याचा अर्थ 'पाणी भरा' असा घेतला तर लोणारला आपण प्रेमानेच बुडवू. माझं स्पष्ट मत आहे, तिथे नवी पायवाट, नवा सेल्फी पॉइंट काहीही करण्याआधी आत येणाऱ्या प्रत्येक धारेचं पाणी मोजा, आणि सांडपाण्याचा एक थेंबही कडेच्या आत येऊ देऊ नका.

त्या दिवशी वर चढून आलो तर भाचा रुसलेला. "सगळं दाखवलंस, पण उल्का कुठाय?" तिची बहुतेक वाफ झाली, उरलेली वितळून दगडात गेली, असं सांगितलं. त्याला ते अजिबात पटलं नाही. शेवटी स्टँडवर उसाचा रस पाजला, तेव्हा कुठे मेहकरच्या बसमध्ये चढला.