आयर्लंडचा इतिहास १९२२ मध्ये जळून गेला? काय जळलं आणि काय हाताशी आहे

एक मजकूर वरचेवर फिरताना दिसतो. त्याचा सारांश असा: “१९२२ च्या यादवीत डब्लिनचं अभिलेखागार जळालं, त्यात सगळ्या जनगणना आणि चर्चची दप्तरं गेली. लोककथा तर तोंडीच होत्या, त्या म्हाताऱ्या माणसांबरोबर गेल्या. उरलंसुरलं सगळं नेटवर आलंय आणि विद्यापीठांच्या संग्रहांत बाहेरच्याला कुणी विचारत नाही.” हे वाचून लोक शोध सुरूच करत नाहीत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आग खरी आहे. ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे वरच्या मजकुरातलं अभिलेखागार, स्फोट आणि आगीत गेलं, आणि ते नुकसान कधी भरून येणारं नाही. पण जळालं ते त्या इमारतीत जमा झालेलं. म्हणून कुठल्याही आयरिश कागदाबद्दल पहिला प्रश्न हाच, की १९२२ मध्ये तो कुणाच्या ताब्यात होता?

जनगणनाच घ्या. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे तक्ते काही तुकडे वगळता त्या आगीत गेले. १८६१ आणि १८७१ चे मात्र मोजणीनंतर लवकरच सरकारनेच नष्ट करवले होते आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेले. १९०१ आणि १९११ चे शाबूत आहेत, नॅशनल अर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात.

जळालेल्यातलंही थोडं मागच्या दाराने हाती लागतं. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागलं, पण आयर्लंडमध्ये सर्वांची जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ मध्ये. वयाचा दाखला आणायचा कुठून? मग अर्जदार आईबापांची नावं आणि गाव कळवायचे, कारकून १८४१ किंवा १८५१ च्या तक्त्यात ते घर शोधायचा आणि सापडलेलं फॉर्मवर टिपून ठेवायचा. तक्ते जळाले, पण ते फॉर्म उरले आणि आज ऑनलाइन आहेत.

चर्चच्या दप्तरांची गोष्ट वेगळी. चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या बऱ्याच पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतला भाग) नोंदवह्या तिथे जमा होत्या, त्या गेल्या. बहुसंख्य लोक कॅथलिक, आणि त्यांच्या वह्या तिथे नव्हत्याच, त्या गावोगावच्या पाद्र्यांकडे होत्या. नॅशनल लायब्ररीने त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या आणि २०१५ पासून त्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. तिथे नावाने शोध चालत नाही. पॅरिश आणि महिना निवडून पानं चाळावी लागतात. नावं बऱ्याचदा लॅटिनमध्ये असतात: याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. लोक सर्वांत जास्त फसतात ते पॅरिशवर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे करासाठी केलेल्या जमीन-घरांच्या मोजदादीत, गावापुढे असते ती मुलकी पॅरिश, म्हणजे सरकारी कामकाजाची हद्द. कॅथलिक पॅरिशचं नाव आणि हद्द अनेकदा निराळी असते, ती आधी जुळवून घ्यावी लागते.

विद्यापीठांतल्या ठेवी तर आगीपासून लांबच होत्या. १६४१ च्या आयरिश कॅथलिकांच्या उठावानंतर नोंदवलेल्या सुमारे ८,००० साक्षी १७४१ पासून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत आणि २०१० पासून लिप्यंतरासह ऑनलाइन आहेत. साक्षीदार मुख्यतः प्रोटेस्टंट, हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्यात. १७९२ च्या बेलफास्ट हार्प (एक तंतुवाद्य) महोत्सवात वादकांच्या चाली टिपून घेणाऱ्या एडवर्ड बंटिंगची हस्तलिखितं बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आहेत.

आता लोककथा. यात मजकूर सर्वांत जास्त चुकतो. आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३५ ते १९७० या काळात गोळा केलेला संग्रह युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहे आणि २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्याची नोंद झाली. त्यातला शालेय संग्रह तर बघतच राहावा असा. १९३७ ते १९३९ दरम्यान सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० हून जास्त मुलांनी घरच्या आणि शेजारच्या थोरामोठ्यांना विचारून लिहून आणलं: भुताखेतांच्या गोष्टी, औषधपाणी, सण, खेळ, दुष्काळाच्या आठवणी. एकूण पानं सुमारे ७,४०,०००. अनेक नोंदींखाली सांगणाऱ्याचं नाव, गाव, कधी वयही असतं. १९३८ मध्ये ऐंशीचा माणूस १८५८ च्या आसपास जन्मलेला, म्हणजे १८४५ ते १८५२ चा मोठा दुष्काळ त्याने आईबापांकडून ऐकलेला. नोंद वाचताना हा हिशोब आधी करावा.

दोन अडचणी. ही योजना स्वतंत्र आयर्लंडच्या २६ काउंट्यांतच (काउंटी म्हणजे जिल्हा) राबवली गेली, त्यामुळे उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिम किंवा टायरोनची शाळा इथे शोधून मिळणार नाही. उत्तरेसाठी आयोगाच्या मुख्य हस्तलिखित संग्रहाकडे वळावं. दुसरं, मूळ आवाज मिळेल ही आशा फार धरू नये. संग्राहक एडिफोन या यंत्रावर मेणाच्या नळकांड्यांत ध्वनिमुद्रण करत, ते कागदावर उतरवून घेत आणि खर्च वाचवायला नळकांडं तासून पुन्हा वापरत. बऱ्याच कथांची मूळ प्रत आता तो कागदच आहे.

“सगळं नेटवर आहे” हेही अर्धवट. शालेय संग्रह दूखस या संकेतस्थळावर आहे, पण मजकुरातला शब्द सापडतो तो स्वयंसेवकांनी टंकलेल्या पानांतच. म्हणून आधी काउंटी, मग शाळा, मग शेजारच्या शाळा असं पान-पान बघत जावं. आयरिश पानांचं शुद्धलेखनही जुनं आहे. ‘रात्र’ हा शब्द आज पाच अक्षरांत लिहितात, तेव्हा सात अक्षरांत लिहायचे, त्यामुळे आजच्या रूपाने शोधलं तर तो हाती लागत नाही. तिथली जुनी आयरिश लिपी वाचणं म्हणजे मोडी शिकण्यासारखंच, आठवडाभराच्या सरावाने डोळा बसतो: व्यंजनावर टिंब म्हणजे पुढे ‘एच’, र आणि स जवळजवळ सारखे, आणि इंग्रजी 7 या आकड्यासारखं दिसणारं चिन्ह म्हणजे ‘आणि’.

बाहेरच्याला प्रवेश नाही, हेही खरं नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचा लोकसाहित्य संग्रह आगाऊ वेळ ठरवून कुणालाही बघता येतो. इतर ठिकाणी वाचकपत्र किंवा कामाचं कारण मागतात. नकार येतो तो बहुधा “आयरिश परीकथांबद्दल काय आहे?” अशा मोघम ईमेलला. संग्रहाचं नाव, खंड, पान, गाव आणि कोणत्या तारखांना येणार एवढं लिहिलं की काम सोपं होतं. जाताना ओळखपत्र आणि पेन्सिल न्यावी, हस्तलिखितांच्या वाचनकक्षात शाईचं पेन चालत नाही. फोटो काढायचे तर आधी विचारावं, आणि प्रत्येक फोटोच्या आधी खंड व पान लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो घ्यावा, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या खंडातलं ते कळत नाही.