माडाखाली बसायचे डॉलर

बेलीझ देशातल्या की कॉकर बेटावर मोटारी जवळजवळ नाहीतच. वाळूचे रस्ते, त्यांवरून सायकली आणि गोल्फ कार्ट, आणि जागोजागी हाताने रंगवलेल्या पाट्या: ‘गो स्लो’. बेट लांबीला आठेक किलोमीटर आणि रुंदीला दोन किलोमीटरही नाही, त्यामुळे जोरात निघालात तर सरळ पाण्यात. हे गाव बायकोने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि जाहीर केलं, की या सुट्टीत आपण काहीही करायचं नाही. यादी नाही, पॉइंट नाहीत, सहाचा गजर नाही. फक्त आराम.

आम्ही राहतो त्या ह्यूस्टनहून विमानाने बेलीझ सिटी म्हणजे अडीच तासांचं काम, त्यामुळे दूर आहे ही सबब चालली नाही. जून महिना होता, मुलांच्या शाळा बंद. आणि आई गावाहून आमच्याकडे आलेली होती. तिला एकटीला घरी ठेवणं शक्य नव्हतं, आणि तिला सोबत घेऊन ‘काहीही न करणं’ त्याहून शक्य नव्हतं. पण हा दुसरा मुद्दा त्या वेळी कुणी मांडला नाही.

बेलीझ सिटीहून बेटावर जायला बोट असते. पाऊण तास लागतो. आईने बोटीत चढण्याआधी दोन्ही इंजिनं नीट निरखली, तांडेलाच्या वयाचा अंदाज घेतला आणि मगच पाय ठेवला. समुद्र हिरवा, मग निळा, मग त्याहून हिरवा. मोबाइल काढून सगळे उभे राहिले. समोर बेट दिसायला लागलं: माड, लाकडी जेट्ट्या, खांबाखांबावर एकेक पेलिकन. आईने कपाळावर हात आडवा धरून पाहिलं आणि म्हणाली, “ह्या तर देवबाग.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पेलिकनकडे पाहिलं.

ज्यांनी देवबाग पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे माड आणि माणसं. माझं आजोळ तिथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आईचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे खरोखरच काही नव्हतं. “एवढो पैसो घालून माडाखाली बसूक इलांव?” या तिच्या प्रश्नालाही नव्हतं. बायको म्हणाली, “आई, हे कॅरिबियन आहे.” आई म्हणाली, “असात.”

धक्क्यावर गोल्फ कार्टवाला उभा होता. रंगाने, नाकाडोळ्याने थेट आपल्यातला. आईचा चेहरा उजळला. “विचार त्येका, खंयचो?” मी विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, “कलकत्ता.” आई मागे वळून बायकोला म्हणाली, “बंगाली.” मग पाचेक मिनिटांनी उलगडा झाला, की बेलीझच्या उत्तरेला कोरोझाल जिल्ह्यात कलकत्ता नावाचं गावच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानी मजूर आणले, हा त्यांचा वंशज. हिंदीचा एक शब्द त्याला येत नव्हता. आईचं त्यामुळे काही अडलं नाही. खोलीवर पोचेपर्यंत त्याला मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे तिने मालवणीतून विचारून घेतलं होतं आणि त्याने इंग्रजीतून सांगितलं होतं.

आता आराम.

खोलीपुढे दोन माडांना हॅमॉक बांधलेला होता. हॅमॉकच्या जाहिरातीत त्यात पडलेला माणूस असतो, त्यात शिरणारा माणूस कुणी दाखवत नाही, याला कारण आहे. पहिल्यांदा मी गुडघा टाकला. हॅमॉक पुढे गेला, मी होतो तिथेच राहिलो. मग पाठ करून बसलो, तर दोऱ्यांची सगळी जाळी गोळा होऊन एका जागी एकवटली, ती जागा कुठली हे सांगायची गरज नाही. शेवटी बायकोने एक कड धरली, मुलाने दुसरी, आणि मला पालखीत देव ठेवावा तसा आत ठेवला. पडलो. वर झावळ्या. झावळ्यांत नारळ. नेमके डोक्यावर. कोकणातला माणूस माडाखाली झोपत नाही, हे शिक्षण आम्हाला बाराखडीच्या आधी मिळालेलं असतं. मी नारळाकडे आणि नारळ माझ्याकडे बघत राहिलो. देठ हिरवा आहे की वाळलाय हे खालून कळत नाही. “कसं वाटतंय?” बायकोने विचारलं. “रिलॅक्स,” मी म्हणालो.

तेवढ्यात खालून चिलटं आली. डोळ्याला दिसत नाहीत आणि चावतात मात्र नाव लिहिल्यासारखी. हॅमॉकमध्ये हात वळवून मांडी खाजवायला गेलं, की बाहेर पडायचा प्रश्न आपोआप सुटतो.

इकडे आईला खोलीत वाळू सापडली होती. बेटावर वाळू सापडणं ही बातमी नाही, पण आईने खराटा मागितला. सोफ्यावर आडव्या झालेल्या मालकीणबाईंना वाटलं पाहुण्यांची काही तक्रार आहे, त्या धावत आल्या. तक्रार नाही, फक्त खराटा, हे समजावता समजावता माझी दमछाक झाली. मग रोज सकाळी आई खोली झाडायची, व्हरांडा झाडायची, आणि दुपारी आम्ही सगळे पायाने वाळू आत आणायचो. सुट्टीत तिला पुरेसं काम मिळावं एवढी काळजी आम्ही घेतली.

की कॉकरबद्दल एक गोष्ट व्हिडिओवाले सांगत नाहीत: या बीचच्या गावाला बीच बेताचाच आहे. मैलभर समुद्रात प्रवाळाची भिंत आहे, जगातल्या सगळ्यात लांब प्रवाळरांगांपैकी एक, 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत. लाटा त्या भिंतीवरच फुटतात. किनाऱ्यापर्यंत येतं ते संथ पाणी आणि समुद्री गवत. पोहायचं तर लोक बेटाच्या टोकाला ‘स्प्लिट’वर जातात. 1961 साली हॅटी नावाचं चक्रीवादळ आलं आणि त्याने बेटाला चीर पाडली असं सांगतात. गावकऱ्यांनी ती होड्यांसाठी खणून वाढवली असंही सांगतात. त्याच वादळाने बेलीझ सिटीची अशी वाट लावली, की सरकारने आत जमिनीवर बेल्मोपान ही नवी राजधानीच बांधायला घेतली. आम्ही स्प्लिटवर सिमेंटच्या कठड्याला पाय सोडून बसलो. आजूबाजूला तरुण पोरं थंडगार बेलिकिन बिअर घेऊन कमरेइतक्या पाण्यात टेबलं मांडून बसलेली. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. “ह्येंका सर्दी जाली तर?”

आणि त्यात सारगॅसम. अटलांटिकमधून वाहत येणारं हे तपकिरी शेवाळ उन्हाळ्यात कॅरिबियनभर किनाऱ्याला लागतं, कुजतं आणि नासक्या अंड्यांचा वास सोडतं. ‘समुद्राच्या मंद वाऱ्याच्या झुळका’ असं बुकिंगच्या पानावर लिहिलं होतं. झुळका होत्या. बायकोने नाकाला ओढणी लावून ध्यान करायचा प्रयत्न केला.

आईला मात्र इथे विषय सापडला. रोज पहाटे एक वयस्कर गडी दाताळं घेऊन ते शेवाळ ओढायचा आणि ढकलगाडीत भरायचा. आई उठून त्याच्यापाशी जाऊन उभी राहायची. तिसऱ्या खोलीतल्या कॅनेडियन जोडप्याला वाटायचं दोघं जुने स्नेही आहेत. आईचं म्हणणं, हे आधी गोड्या पाण्यात धुवायचं, मग कुजवायचं आणि माडाच्या आळ्यात घालायचं. दुभाषा मी. पहाटे साडेपाचला, सुट्टीत, मी कॅरिबियन किनाऱ्यावर उभा राहून खत या विषयावर भाषांतर करत होतो. तो गडी शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, की मीठ निघत नाही हो बाई, हीच तर अडचण आहे. आई म्हणायची, “पावसात ठेव म्हणावां.”

पण त्या पहाटे मला एक दिसलं. ‘गो स्लो’ ही पाटी कुणासाठी आहे ते. मासेमार पाचलाच निघून गेलेले. समोरच्या खिडकीत एक बाई फ्राय जॅक तळत होती, म्हणजे मैद्याच्या फुगलेल्या त्रिकोणी पुऱ्या, आत अंडं किंवा बीन्स. तिची कणीक रात्रीच मळून झालेली. बोटींवर बर्फ चढत होता, सिलिंडर चढत होते, पोरं वाळूवर पाणी मारत होती. आठ वाजता पाहुणे जांभया देत बाहेर आले, की हे सगळे लोक टोपी डोळ्यांवर ओढून आपले निवांत. एखादं गाव असं आरामशीर दिसावं म्हणून किती राबावं लागतं, हे मला तरी कुठल्या व्हिडिओत दिसलं नव्हतं. आईला ते धक्क्यावरच कळलं असावं. तिचं अर्धं आयुष्य पर्यटकांना घावणे घालण्यात गेलंय.

मुख्य अडचण पैशांची. बेलीझचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, आणि हा भाव वर्षानुवर्षं तसाच बांधलेला. हिशोब सोपा आहे, जर तुम्ही तिथेच थांबलात तर. आई थांबत नाही. मेनूवरचा आकडा ती रुपयांत विचारते. एक शहाळं किती, हे मी सांगितलं तेव्हा तिने शहाळं परत केलं. फुटलेलं शहाळं. विक्रेत्याने ते घेतलं, हसला, पुन्हा तिच्याच हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत. आता या प्रकाराला घासाघीस म्हणायचं की भिक्षा, यावर घरात अजून एकमत नाही.

काहीही न करण्याच्या व्रतातून बायकोने एकच सूट ठेवली होती, स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे मासे बघणं. दुसरी सूट ठेवायचा विचार होता, ‘ग्रेट ब्लू होल’. समुद्राच्या मधोमध तीनशे मीटर रुंद, सव्वाशे मीटर खोल असा एक निळा गोल खड्डा. फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कुस्तो 1971 मध्ये आपलं जहाज घेऊन इथे आला आणि खड्डा जगप्रसिद्ध झाला. छोट्या विमानातून वरून दाखवतात. भाव ऐकून आई एवढंच म्हणाली, “भोक बघूक इमान?” आम्ही गेलो नाही.

स्नॉर्केलिंगला होल चानच्या राखीव क्षेत्रात गेलो. बोट थांबली आणि पाण्यात मोठमोठ्या सावल्या फिरायला लागल्या. नर्स शार्क. माणसाएवढे, त्याहून मोठेही, गरीब स्वभावाचे. आमच्या मालवणीत शार्कला मोरी म्हणतात. युरोपियन मंडळी किंचाळत होती, मुलगा व्हिडिओ काढत होता, गाइड सांगत होता, हात लावू नका, हे संरक्षित आहेत. आईने लाइफ जॅकेटवरून पदर सारखा केला, बोटीच्या कडेवरून वाकून पाहिलं आणि तिचा आवाज भरून आला. “मोरी! झिला, बघ केवढी मोरी! ह्येचा मटण काय लागात रे!”

गाइडने विचारलं, आई काय म्हणतात. मी म्हणालो, फार सुंदर आहेत म्हणतात.

जेवणाच्या बाबतीत मात्र आई आणि बेलीझ यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. तांबड्या बीन्ससोबत नारळाच्या रसात शिजवलेला भात, बाजूला कोंबडीचा रस्सा, तळलेलं केळं, वर गाजर आणि हाबानेरो मिरचीचा जाळ सॉस. तांबोशी मासाही मिळाला, अख्खा, कुरकुरीत. लॉब्स्टर मिळाला नाही. त्याच्या विणीचा हंगाम, सरकारची बंदी, जुलै उजाडला की उघडणार. आमच्या टेबलाशेजारचा एक गोरा पाहुणा यावरून वेटरशी हुज्जत घालत होता: एवढ्या लांबून आलो, एक तरी द्या. आईने माझ्याकडून सगळं समजून घेतलं आणि त्या गोऱ्याला उद्देशून, बोट वर करून, स्वच्छ मालवणीत नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात का घालायची नाही, याचं पूर्ण प्रवचन दिलं. तो गप्प बसला. वेटरने तिला एक तळलेलं केळं जास्त आणून वाढलं.

संध्याकाळी माझी पाठ भाजलेली निघाली. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पालथा तरंगतो आणि सूर्य आपलं काम करत राहतो. पाठीवर पट्ट्यांची पांढरी नक्षी, बाकी सगळं लालभडक. हॅमॉकचा प्रश्न कायमचा मिटला. आईने बॅगेतून कोकमाच्या तेलाचा गोळा काढला, जो ती विमानात, बोटीत, अमेरिकेत, सगळीकडे घेऊन फिरते, आणि तळहातावर वितळवून पाठीला चोळला. मी बोंबललो. पलीकडच्या व्हरांड्यातून कॅनेडियन बाईने विचारलं, हा आयुर्वेदिक मसाज कितीला? बायको म्हणाली, “आई, सांगा काहीतरी, तिकिटाचे तेवढेच सुटतील.”

रात्री गावाहून मावशीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ, मागे पाऊस कोसळतोय, मावशी चुलीपुढे.

“गो, काय काय बघलंस थंय?”

आईने क्षणभर विचार केला. “माड बघले. होडये बघले. मोरी बघली, खाऊक दिल्यानी नाय. आता बसलंय.”

“नुसती बसलंस?”

“आराम करतंत इकडे.”

मावशी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग काळजीच्या सुरात तिने विचारलं, “झिलाक बरां नाय काय गो?”