घोणस अळी पाच मिनिटांत माणूस मारत नाही

काल मावशीचा फोन. कापूस फुटून लोंबतोय आणि वेचणीला बाया यायला तयार नाहीत. कारण २०२२ मधला तोच मेसेज पुन्हा फिरतोय: ‘कपाशीवर नवीन अळी आली आहे, सापापेक्षा विषारी, चावली की पाच मिनिटांत मृत्यू.’ खाली शेतात पडलेल्या दोघांचा फोटो.

आधी तो फोटो. ते चाळीसगाव तालुक्यातले बाप-लेक. वीज अंगावर पडून गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये. कुणाच्या घरचं मयत अळीच्या नावावर खपवताना हात कसा थरथरत नाही?

आणि ‘चावली’ म्हणे! हिचं तोंड पानं कुरतडण्यापुरतं. विष असतं अंगावरच्या पोकळ काट्यांत. अंगाला घासली की काटे कातडीत मोडतात आणि आग सुरू होते. ती आग भयंकर असते, हे मान्य. ॲलर्जी असेल त्याने दवाखाना गाठावा, तेही मान्य. पण परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं होतं की घाबरू नका. चिकटपट्टी लावून ओढली की काटे निघतात. मग बर्फ आणि खाण्याच्या सोड्याचा लेप. चोळायचं तेवढं नाही. नावातच घोणस, त्यामुळे निम्मी भीती तिथेच भरते.

‘नवीन’ तर अजिबात नाही. लिमाकोडिडी कुळातल्या काटेरी अळ्यांना आपण सरसकट घोणस अळी म्हणतो. त्यातल्या पारासा लेपिडाचा पतंग हिरव्या पंखांचा, तपकिरी काठाचा, कुणाला काही न करणारा. त्याला शास्त्रीय नाव मिळालं अठराव्या शतकात. भारत, श्रीलंका, पुढे आग्नेय आशिया, एवढा त्याचा पसारा. अळी खाते काय? नारळ, आंबा, एरंड, चहा, कॉफी. कोकणातल्या बागायतदाराला ‘नवीन अळी’ म्हणून दाखवा, हसेल तो.

कपाशीवर कधीमधी दिसेलही, बहुभक्षी आहे ती. पण बोंडं पोखरून शेतकऱ्याला बुडवते ती गुलाबी बोंडअळी. तिच्यावर असा मेसेज कुणी काढत नाही.

मावशीच्या बांधावर एरंड आहे. तिला म्हटलं, बायांना तो आधी बघायला सांग, अळी दिसली तर काडीने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट तुम्ही घालताच. चिकटपट्टीचं एक रिळ भाकरीच्या फडक्यात बांधून ने.