तात्यांची चिलीम आणि तुमची ड्रॉपरवाली बाटली

काल लातूरला एका साखरपुड्याला गेलतो. जेवणं झाली, पाहुणे पांगले आणि गच्चीवर आम्ही शाळेतले आठ-दहा जण गप्पा हाणत बसलो. त्यातला एक आता पुण्यात हिंजवडीत आहे, चांगला पगार, माणूसपण चांगला, नाव लिहीत नाही कारण तो हे वाचणारच. त्यानं खिशातून बोटाएवढी बाटली काढली, जिभेखाली चार थेंब सोडले आणि म्हणला, विजया आहे, म्हणजे भांगेचा अर्क, आयुर्वेदिक, एकदम नॅचरल, अर्ध्या तासात झोप. झालं, सगळे त्या बाटलीवर तुटून पडले. केवढ्याला, ऑनलाईन मिळते का, शुगर असल्यावर चालते का, बायकोला कळत नाही ना. इथपर्यंत मला काही वाटलं नाही. पण मग तोच माझ्याकडं बघून म्हणला, "तुला काय सांगायचं बाबा, तुमच्या घरात तर ते गांजाडे तात्या होते की!" आणि सगळे खी खी करून हसले.

मी उठून खाली आलो. तिथं भांडण केलं असतं तर नवरीच्या बापाची अडचण झाली असती. म्हणून इथं लिहायलोय. मोठं होणार आहे, ज्याला नको त्यानं पुढं जावं.

तात्या म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. आमचं गाव किल्लारी-सास्तूर पट्ट्यातलं. १९९३ ला २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं जे झालं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसावर आलं. तात्या मंडळाच्या पोरांबरोबर देवळापुढच्या पटांगणातच आडवे झालते म्हणून वाचले. काकू आणि धाकटी लेक घरात होत्या.

मी तेव्हा लहान होतो, मला मलबा आठवत नाही, मला तात्यांचं जागणं आठवतंय. आधी पत्र्याच्या शेडात दिवस काढले, मग नव्या गावात घर मिळालं. ५२ गावं नव्या जागेवर वसवली, सरळ रस्ते, भूकंपाला टिकणारी घरं वगैरे. त्या घरात तात्या एक रात्र झोपले नाहीत. अंगणात बाज. पाऊस आला की बाहेरच्या पत्र्याखाली, पण स्लॅबखाली नाही. रात्री दीड-दोनला उठून बॅटरीचा उजेड भिंतीवर मारत बसायचे, चीर पडली का बघायला. हमरस्त्यावरून लोडचा ट्रक गेला तरी हा माणूस ताडकन उभा, "पोरांना भाईर काढा, भाईर काढा." आई म्हणते पहिली काही वर्षं त्यांनी सलग दोन तास झोप घेतली असंल तर शपथ.

मग गावाबाहेरच्या मठात एक बैरागी आलता त्यानं ह्यांना चिलीम दिली. भिजवलेली छापी (चिलमीच्या तोंडाला लावायचं फडकं), दोन दम, बास. आणि तात्या झोपले. उजाडेपर्यंत. माझ्या आजीनं त्या बैराग्याला शिधा पोचवला होता, माळकरी बाई, कांदा-लसूण न खाणारी.

आता सांगा, ह्या माणसाला गांजाडा म्हणायचं आणि त्याच झाडाचा अर्क जिभेखाली घेणाऱ्याला काय म्हणायचं, हेल्थ कॉन्शस?

कायदा कसा आहे बघा. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा. झाडाचा फुलोरा आणि शेंडा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, दोन्ही गुन्हा. नुसतं पान आणि बी त्या व्याख्येत येत नाही. पानाचं काय करायचं ते राज्यानं आपल्या कायद्यानं ठरवायचं. त्या फटीतून तुमची बाटली आली, पानापासून केलेली, आयुर्वेदिक लायसनची. भांग आयुर्वेदिक औषधांच्या विषारी यादीत आहे, वैद्याच्या देखरेखीखाली घ्या असं लेबलवर छापावं लागतं, मित्राला विचारलं वैद्य कोण तर म्हणला व्हिडिओ कॉल केला दोन मिनटाचा, चिठ्ठी मेलवर आली. आणि तात्यांच्या बंडीत एकदा पुडी सापडली तर अख्खी रात्र चौकीत बसवलं. एक किलोपर्यंत गांजा कायद्यानं 'अल्प' धरलाय, त्यालापण वर्षभराची सक्तमजुरी होऊ शकते, नुसता ओढला तरी सहा महिने. केस झाली नाही. कशी झाली नाही ते मी इथं लिहीत नाही, पण त्या महिन्यात आमची म्हैस विकली गेली एवढं आठवतंय.

वडील पण त्यांना तोडूनच वागायचे. लग्नाकार्यात तात्यांचं पान कडेला. लोक म्हणायचे, भूकंपाचे पैसे आले ते चिलमीत चालले. अरे चिलमीत कितीचा गांजा लागतो! त्या काळात कित्येकांनी सानुग्रहाचे, म्हणजे सरकारी मदतीचे पैसे दारूत घातले त्यांना कोण काय म्हणलं नाही, कारण दारू सगळेच पीत होते.

बरं, बाटली आणि चिलीम एक नाही, हे मान्य. बाटलीत धूर नाही, फुप्फुसं जळत नाहीत, थेंब मोजून घेता येतात. मान्य. पुढं.

काहीजण म्हणतील, हा गांजाची तरफदारी करायलाय. थांबा. खरी गोष्ट पुढंय आणि ती ऐकून तुमच्या बाटलीवाल्याला बरं वाटणार नाही.

२०१६ ला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं त्या उन्हाळ्यात, तात्या बांधावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ॲडमिट केलं. डॉक्टरनं वडलांना विचारलं, काही व्यसन? वडील म्हणाले तंबाखू, बाकी काही नाही. लाजेनं. आता दवाखान्यात कुठली चिलीम. पहिली रात्र तळमळीत गेली, दुसरी पण, घामानं चादर भिजली, जेवण जाईना, आणि मग चौथ्या का पाचव्या रात्री सगळा वॉर्ड उठला. मोडलेल्या पायानं हा माणूस खाटेवरून खाली उतरायला बघत होता आणि शेजारच्या पेशंटचा हात धरून ओढत होता. "भाईर चला, भिंत पडायलीय." लेकीचं नाव घेऊन हाका मारत होते. वीस-बावीस वर्षांत तिचं नाव त्यांच्या तोंडून आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. तिथल्या माणसांनी त्यांचे हात खाटेला बांधले आणि आम्हाला म्हणाले म्हातारं भ्रमिष्ट झालंय.

(हे लिहिताना थांबलो होतो जरा. चहा केला. रात्री चहा पिऊन झोपेवर पोस्ट लिहायलोय, हसू नका.)

तिथं एक शिकाऊ डॉक्टर पोरगी होती, परभणीकडची. तिनं वडलांना कॉरिडॉरमध्ये घेतलं आणि सरळ विचारलं, काका, गांजा ओढायचे का ते? कधीपासून? मग वडील बोलले. तिनं जे समजावलं ते मला तेव्हापासून पाठ आहे. गांज्यातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, झोप लवकर आणतं, खरंय. पण झोपेतला जो स्वप्नांचा टप्पा असतो, आरईएम म्हणतात, तो ते दाबतं. म्हणून वाईट स्वप्नांनी पिडलेल्या माणसाला ते अमृत वाटतं. आणि रोज घेत राहिलं की अंग सरावतं, मात्रा वाढवावी लागते, आणि एक दिवस बंद झालं की दाबलेली स्वप्नं उसळून येतात, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त, काहींना पुढं कितीतरी आठवडे. तात्यांनी स्वप्नं सावकाराकडं गहाण ठेवली होती म्हणा. व्याजासकट परत आली, ते पण मोडलेल्या पायानं परक्या खाटेवर पडलेले असताना.

तेव्हापासून कुणी माझ्यासमोर नॅचरल म्हणलं की माझं टाळकं सरकतं. नॅचरल! धोतरा पण नॅचरलच आहे, बांधावर उगवतो, घे की चार बिया.

बाटलीवाले म्हणतील आमच्यात सीबीडी जास्त, ते त्याच झाडातलं दुसरं द्रव्य, त्यानं नशा होत नाही. पण त्यानंच झोप येते ह्याचा पक्का पुरावा अजून कुणाकडं नाही, आणि ज्यानं गुंगी येते ते टीएचसीच. पानात ते असतंच, कमी असतं पण असतं. तरी ह्याला रोज चार थेंब लागतात, आधी दोन लागायचे, हे त्यानंच काल सांगितलं आणि कुणाच्या लक्षात पण आलं नाही. परदेशात लढाईवरून आलेल्या सैनिकांना भयानक स्वप्नांसाठी ह्याच जातीचं एक कृत्रिम औषध देऊन बघितलंय, काहींना फायदा झालाय, ते मी नाकारत नाही. पण तिथं डॉक्टर समोर बसलेला असतो रे, मेलवर चिठ्ठी येत नाही.

आणि मला सांगा, झोप येत नाही म्हणजे नक्की काय होतंय तुम्हाला? रात्री साडेबारापर्यंत रील बघायची, अकराला कॉफी, डोक्यात ईएमआय, सकाळी स्टँडअप कॉल. हे बदलायचं नाही, थेंब घ्यायचे. इकडं आमच्या शेतकऱ्याला झोप यायलेली असते तर महावितरणची थ्री फेज लाईट रात्रीची. माणूस थंडीत, अंधारात, साप-विंचवात पाणी धरायला जातो. त्याच्या झोपेसाठी कुणी बाटली काढली का? आणि संभाजीनगरात तर उलटंच, तिथं पोरं डॉक्टरनं झोपेसाठी द्यायच्या गोळ्या नशेला खातात, 'बटन' म्हणतात त्याला. पुण्यातली पोरं नशेचं झोपेला आणि इकडची झोपेचं नशेला. काय चाललंय काय.

जास्त बोललो असेन. निद्रानाश खरा असतो, मला माहितीय, माझी स्वतःची बहीण बाळंतपणानंतर वर्षभर नीट झोपली नव्हती, तिला कुणी रील बघू नको म्हणून सांगितलं असतं तर तिनं चप्पल मारली असती. तिला बरं वाटलं ते मानसोपचार डॉक्टरकडं जाऊन. गोळ्यांच्या आधी करायचा एक उपचार असतो, झोपायची-उठायची वेळ बांधून देतात, झोप येत नसताना अंथरुणात पडू देत नाहीत, डोक्यातले विचार उकलतात, जुनाट निद्रानाशाला जगभर आधी हाच सांगतात. सोपा नाही, आठवडे जातात. आमच्या तालुक्यात तो करणारा कुणी मला माहीत नाही. ती खरी बोंब आहे आणि त्यावर कुणी स्टेटस ठेवत नाही.

भूकंपानंतर मानसोपचारवाल्यांची पथकं आलती, लोकांशी बोलली, अभ्यास झाले, मग निघून गेली. त्यांना दोष देत नाही, पण तात्यांची जागरणं पथकं गेल्यावर पण चालूच होती ना? त्या माणसापुढं तेव्हा दोनच वाटा होत्या, चिलीम नाहीतर विहीर. म्हणून मी त्यांच्या चिलमीला नावं ठेवू देत नाही आणि तुमच्या बाटलीला माफ पण करत नाही, कारण तुमच्यापुढं वाटा आहेत. आता १४४१६ आहे, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीचा फोन नंबर, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. २०२२ पासून चालू आहे. लागत नाही लवकर कधी कधी, परत लावा. त्यात काय लाज?

तात्या घरी आले, त्या डॉक्टर पोरीनं लिहून दिलेल्या गोळ्या चालू होत्या, पुढं दोन वर्षं जगले. चिलीम परत धरली की नाही, विचारू नका. एक मात्र झालं, दवाखान्यातून आल्यावर ते लेकीबद्दल बोलायला लागले. तिला कैरी आवडायची, ती शाळेत कविता म्हणायची, असलं काहीबाही. वडील पहिल्यांदा त्यांच्या बाजेवर जाऊन बसायला लागले, रात्री उशिरापर्यंत दोघं भाऊ. त्या रात्री कुणी झोपत नव्हतं आणि कुणाची तक्रार पण नव्हती.

आता एक कामाचं सांगतो. जे कुणी घेतायत, चिलीम असो, सिगारेट असो, थेंब असोत, ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगा. भुलेच्या मात्रेवर फरक पडतो. घरच्यांसमोर लाज वाटत असंल तर त्यांना खोलीबाहेर काढा आणि सांगा, पण सांगा. रोज घेत असाल आणि सोडायचं असंल तर एकदम तोडू नका, डॉक्टरच्या सल्ल्यानं कमी करत आणा. आणि तुमच्या घरात असा कुणी म्हातारा असंल तर ॲडमिट करताना वडलांसारखं 'फक्त तंबाखू' म्हणू नका.

कमेंटमध्ये शिव्या चालतील. इनबॉक्समध्ये "दादा ती बाटली कुठं मिळते" विचारणारे आत्ताच दोघं आलेत, पोस्ट टाकायच्या आधीच, गच्चीवरचेच आहेत. दोघांनाही ब्लॉक केलंय.