'सगळं फुकट आहे तरी शिकत नाहीत' वाल्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर, मग शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर आणि काल तर सख्ख्या मावशीकडून, असा तीनदा तोच फॉरवर्ड आलाय. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या एका मुलीचा फोटो (चेहरा न झाकता, अर्थात) आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: शाळा फुकट, पुस्तकं फुकट, जेवण फुकट, वर कायदाही आहे, तरी ही मुलं रस्त्यावर, कारण आईबापांनाच शिकवायचं नाहीये, यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही, उचला आणि बालगृहात टाका, प्रश्न मिटला.

मी पुण्यात सहा वर्षं संध्याकाळी पुलाखाली राहणाऱ्या मुलांना शिकवते आणि जून आला की त्यांची नावं घालायला शाळा-शाळा हिंडते, त्यामुळे नुसता अंगठा दाखवून पुढे जाता आलं नाही. एकेक घेते.

"शाळा सगळ्यांना खुली आहे, जाऊन नाव घाला."

कागदावर खरंय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याचं कलम १४ म्हणतं की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, कलम ५ म्हणतं की टीसी यायला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि कलम ४ प्रमाणे दहा वर्षांचं पोर कधीच शाळेत गेलं नसेल तरी त्याला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवायचा. या तीन कलमांची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये कायम असते. का असते विचारा.

कारण मागच्या जूनमध्ये एका नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन गेले तर ऑफिसात पहिला प्रश्न 'आधार?' नाही. 'जन्मदाखला?' नाही, ती गावी घरातच जन्मली. 'बरं, पत्ता?' आता पुलाखालचा पत्ता काय सांगणार, पिलर नंबर? बाई वाईट नव्हत्या हो, चहा पाजला, पण म्हणाल्या आधार झालं की या. पर्समधली झेरॉक्स बाहेर काढली, दोन तास गेले, नाव लागलं. पण तिची आई एकटी गेली असती तर पहिल्या पाच मिनिटांत परत आली असती आणि आपण म्हणालो असतो, बघा, यांनाच नको आहे!

आणि मुख्याध्यापक तरी असं का वागतात, यामागे एक गणित आहे जे फॉरवर्डवाल्यांना माहीतच नसतं. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरणं, हे आता सरकारी पोर्टलवर आधार जुळलेल्या पटावर चालतं. बिनआधारचं पोर वर्गात बसतं, खिचडी खातं, पण शिक्षक मोजताना ते दिसत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश अडवता येणार नाही असं सांगितलंय, पण कोर्ट दिल्लीत आणि पोर्टल रोज समोर.

याच कायद्याने गरीब मुलांसाठी राखलेल्या खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांचं तर विचारूच नका. त्या ऑनलाइन फॉर्ममध्ये घराचं लोकेशन नकाशावर टाकायचं असतं आणि रहिवासाचा पुरावा लागतो. ज्याला घर नाही त्याने बोट कुठे ठेवायचं?

"सगळं फुकट आहे."

पुस्तकं मिळतात, पोषण आहार मिळतो, आठवीपर्यंत. मान्य. पण पुस्तक ठेवायचं कुठे हो? आमच्या दोन पोरांची दप्तरं अतिक्रमणाच्या गाडीत गेली, स्टोव्ह, गोधडी आणि गणिताची वही एकत्र. आंघोळीला सुलभमध्ये पैसे मोजायला लागतात म्हणून पोरं रोज आंघोळ करत नाहीत, मग बाकावर शेजारी कोणी बसत नाही, मग पोरगं म्हणतं जायचं नाही. गृहपाठ पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, फोन बापाकडे आणि बाप रात्री अकराला येणार. पावसाळ्यात झोपायची जागाच बदलते. यातलं काहीही 'मोफत शिक्षणा'च्या यादीत बसत नाही.

(जाता जाता, दुर्बल घटकांतल्या प्राथमिकच्या मुलींना हजेरीचा भत्ता १९९२ मध्ये सुरू झाला, दिवसाला १ रुपया. तीस वर्षांनीही १ रुपयाच होता. तो मिळवायलाही कागदं लागतात.)

"आईबापांनाच शिकवायचं नाहीये."

काही आहेत असे, खोटं कशाला बोलू. एका बापाशी माझं कडाक्याचं भांडण झालंय, पोरगी सिग्नलला उभी राहिली की जास्त विकलं जातं हे त्याने तोंडावर सांगितलं. मुलांना भीक मागायला लावणं बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे आणि असायलाच हवा.

पण मग ठाणे शहरातल्या शाळेचं काय करायचं? तीन हात नाक्याच्या फ्लायओव्हरखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका मिळून चालवतात, कंटेनरच्या वर्गखोल्या. पोरं तीच, सिग्नलवर वस्तू विकणारी, आईबाप तेच, दुष्काळी गावांतनं आलेले. २०१८ ला तिथली दोन पोरं दहावी पास झाली. आईबाप बदलले नव्हते, शाळा पोरांपर्यंत आली होती, आंघोळीची सोय त्यातच होती आणि वेळापत्रक पोरांच्या दिवसाला धरून होतं. मुंबईत डोअर स्टेप स्कूलवाले १९८८ पासून नेमकं हेच सांगतायत, नावातच आहे.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती गुढीपाडव्यापर्यंत परत येतात, म्हणजे शाळेचं जवळजवळ अर्धं वर्ष पाचटाच्या खोपीत. यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पोर गावातच राहतं, आजीआजोबांकडे झोपतं, जेवण मिळतं. जिथे ते वेळेवर सुरू होतं तिथे आईबाप पोरं मागे ठेवून जातात. जिथे कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) निघून गेल्यावर मंजुरी येते, तिथे पोरं फडात. स्थलांतर करणाऱ्या पोरासाठी शिक्षण हमी पत्रकही आहे, ते घेऊन गेलं की पुढच्या गावच्या शाळेने बसवून घ्यायचं. ते पत्रक भरून पोराच्या हातात द्यायला त्या आठवड्यात कोणीतरी हजर लागतं, एवढंच.

"बालगृहात टाका, प्रश्न मिटला."

इथे मला खरंच राग आला. आधी तर, ज्याला आईबाप आहेत आणि जे त्याला जीव लावतात अशा पोराला फक्त गरिबीमुळे उचलून संस्थेत टाकणं हा उपाय नाही, बाल न्याय कायदा २०१५ सुद्धा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. पोर रस्त्यावर सापडलं तरी ते बाल कल्याण समितीपुढे जातं, समिती घरची चौकशी लावते, शक्य असेल तर घरी, नाहीतर नातेवाइकांकडे किंवा प्रतिपालक कुटुंबात. आपल्याकडे त्यासाठी बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून महिन्याला २२५० रुपये. आमच्या इथल्या एका आजीला नातवासाठी लागू झाली, पण अर्जाला शाळेचं बोनाफाइड लागत होतं आणि क्लार्क म्हणे पालकांची सही आणा. पालक नाहीत म्हणूनच तर अर्ज आहे ना बाबा! तीन चकरा झाल्या.

आणि बालगृहातली पोरं शाळेत जातात तेव्हा प्रश्न मिटतो का? समितीने मूल वर्षाच्या मध्येच त्याच्या जिल्ह्यात पाठवलं की शाळा बदलली, टीसी मागे राहिली, चाचणीचे मार्क कुठे गेले पत्ता नाही. वर्गात 'होमवाली मुलं' असं नाव पडतं. 'माझं कुटुंब' असा चार्ट करून आणायला सांगतात, तीन पोरांनी मिळून अधीक्षक मॅडमचा फोटो चिकटवला होता, हे तिथे शिकवणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं. अठरा पूर्ण झाले की बाहेर, कायद्यात एकविसापर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यावर राहायची, सोय आहे पण बारावीची परीक्षा तोंडावर असताना डोक्यात पहिला विचार राहायचं कुठे हाच. अनाथांसाठी राज्याने २०१८ मध्ये १ टक्का आरक्षण आणलं, चांगलं केलं, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते काढून ठेवायचं हे पोराला संस्थेत असतानाच कोणीतरी सांगायला पाहिजे.

"वेगळं काही करायची गरज नाही."

अमेरिकेत १९८७ चा मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे, बेघर मुलांच्या शाळेसाठीही. आधी वर्गात बसव, कागद नंतर. कुटुंब दुसऱ्या भागातल्या शेल्टरमध्ये गेलं तरी मुलाला जुन्याच शाळेत राहता येतं, बसची सोय करून द्यावी लागते, आणि प्रत्येक शालेय जिल्ह्यात या मुलांसाठी एक नेमलेला माणूस असतोच. आपल्या कायद्यात पहिलं आहे, वर कलमं दिलीच. बस नाही. आणि तो माणूस नाही. बालरक्षक, म्हणजे शाळेबाहेरची पोरं शोधून आणणारे, शिक्षक आहेत, त्यातले काही अक्षरशः वीटभट्ट्या पालथ्या घालतात, पण स्वतःचा वर्ग, जनगणना, निवडणूक सगळं सांभाळून. पोर पुण्याहून साताऱ्याला गेलं तर पुढच्या शाळेला फोन करणं ही कोणाची ड्युटी, हे मी दोन ऑफिसांत विचारलं, दोन्हीकडे दुसऱ्या ऑफिसचं नाव सांगितलं.

ती नऊ वर्षांची पोरगी, पिलर नंबरवाली, जानेवारीत वस्ती उठवली तेव्हा गेली. तिच्या मामाचा नंबर होता, त्यावर फोन करून करून कळलं की दौंडच्या बाजूला आहेत. टीसी आणि कलम ५ ची झेरॉक्स दोन्ही फोटो काढून मामाला पाठवलंय, दोन निळ्या टिका आल्यात, अजून उत्तर नाही.